कनवटीची डबी : सीमाभागातील ख्रिस्ती मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव धर्मप्रांताचे बिशप, मेथडिस्ट मंडळीचे जिल्हा अधीक्षक, आणि बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी व निपाणी परिसरातील स्वतंत्र मंडळ्यांचे सर्व पाळक यांस,



व्यसनमुक्ती हा शब्द सीमाभागात उच्चारला की त्यातला व्यसनी पुरुष असतो आणि त्याच्या व्यसनाने पोळलेली बाई त्याच्या शेजारी उभी असते, हे चित्र इतके पक्के झाले आहे की त्यातून कोणी वगळले गेले असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायीवर, म्हणजे पाकिटातून विकल्या जाणाऱ्या देशी दारूवर, बंदी आली आणि त्या मागणीच्या मोर्च्यांत बायकाच पुढे होत्या. पलीकडे महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडावे अशी तरतूद झाली, जिला लोक ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखतात. आणि मंडळ्यांच्या प्रार्थनासभांतही सर्वांत जास्त ऐकू येणारी साक्ष, म्हणजे देवाने आयुष्यात काय केले याचे चारचौघांत दिलेले निवेदन, नवऱ्याची किंवा मुलाची दारू सुटल्याची असते. या सगळ्या ठिकाणी बाई फिर्यादी असते, शुश्रूषा करणारी असते, गुडघे टेकून अश्रू ढाळणारी असते. रोगी मात्र कधी नसते. प्रस्तुत पत्र ज्या स्त्रियांविषयी आहे त्या स्वतः व्यसनी आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी रविवारी मंडळीच्या बाकांवर किंवा सतरंजीवर बसलेल्या असतात.

आकडेवारीचा आधार घेतला तर हे वगळणे कसे घडते ते समजते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ या वयोगटातील २७.३ टक्के पुरुष दारू पितात आणि स्त्रियांत हे प्रमाण केवळ १.६ टक्के आहे, असे आढळले. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रे पुरुषांसाठी बांधली जावीत हे वरवर पाहता रास्तच वाटते. तथापि प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी जागतिक पाहणी भारतात २०१६-१७ मध्ये दुसऱ्यांदा झाली, तिच्यात १४.२ टक्के स्त्रिया तंबाखू सेवन करतात आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू धूर न काढणारी, म्हणजे चघळण्याची, घासण्याची किंवा ओढण्याच्या तपकिरीची आहे, असे दिसते. धूरविरहित तंबाखूचे स्त्रियांमधील प्रमाण १२.८ टक्के आहे. म्हणजे स्त्रीचे व्यसन बाटलीत नसून डबीत आहे, आणि डबी मोजणारे केंद्र सहसा कोणी काढत नाही.

हे प्रमाण संपूर्ण देशाचे झाले. निपाणीची गोष्ट त्याहून वेगळी आहे, कारण तिथे तंबाखू हे पीक आहे, पगार आहे आणि हवाही आहे. काळ्या जमिनीतली बिडीची तंबाखू, तिच्या वखारी आणि अडत यांवर हे गाव मोठे झाले. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले, हा इतिहास महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. त्याच सुमारास वखारीतल्या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित होत होत्या, हे तुलनेने कमी लोकांना माहीत आहे; युगांतर या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला आणि छाया दातार यांनी त्यांच्या लढ्यावर १९८९ मध्ये पुस्तक लिहिले. वखारीत वाळलेला पाला कुटायचा, चाळायचा, वेगवेगळ्या जाडीचा चुरा निराळा करायचा, हे काम बायकांचे. चाळण हलली की पिवळसर भुकटी उठते. पदर नाकावर घट्ट बांधला तरी ती डोळ्यांच्या कडांना, मानेच्या घड्यांना, केसांच्या मुळांशी जाऊन बसते, आणि घरी आल्यावर पोरीबाळी जवळ आल्या की शिंकतात. निकोटीन हे तंबाखूतले सवय लावणारे द्रव्य श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात शिरू शकते, म्हणून दिवसभर चाळणीशी बसणाऱ्या बाईला तंबाखूची ओळख तोंडात बोट घालण्यापूर्वीच झालेली असते.

त्या बोटाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मंडळीच्या पाळकांनी हे रोज पाहिलेले असले तरी त्याकडे व्यसन म्हणून पाहिलेले नसावे. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. चुलीवर लोखंडी तवा तापवून त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत परततात, खकाणा घशात जाऊ नये म्हणून तोंड फिरवून बसतात, निवली की हाताने चुरून पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डबीत भरतात, आणि ती डबी लुगड्याच्या नाहीतर साडीच्या कनवटीला जाते. पहाटे चूल पेटवण्यापूर्वी उजव्या हातात राखुंडी घ्यावी तशी चिमूट घेऊन तर्जनीने दात घासायचे, तोंडात जमलेले पाणी बराच वेळ तसेच धरून ठेवायचे, मग थुंकायचे आणि कामाला लागायचे. पुन्हा जेवणानंतर, पुन्हा दुपारी, पुन्हा निजताना. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’, ‘डोकं धरतं’, ‘हातपाय चालत नाहीत’ ही वाक्ये बायका एकमेकींना सांगतात, आणि ती खोटी नसतात, कारण निकोटीनची सवय झालेल्या शरीराला ते मिळाले नाही की नेमके हेच होते. व्यसनाची व्याख्या वैद्यकशास्त्रात याच लक्षणांवरून करतात : पदार्थ न मिळाल्यावर शरीराने व मनाने केलेली तक्रार आणि ती थांबवण्यासाठी पदार्थाकडे पुन्हा जाणे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत दारू किंवा गर्द सुटताना होणाऱ्या अशा त्रासाला बोलीत ‘टर्की’ म्हणतात. मशेरीच्या टर्कीला ‘डोकं धरलं’ म्हणतात, एवढाच फरक आहे.

मशेरी ही दंतमंजनाच्या वेषात घरात शिरलेली असल्याने तिची लाज कोणाला वाटत नाही. सासू सुनेला देते, आई लेकीला देते, बाळंतिणीलाही देतात. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून प्रकाश गुप्ता व एस. श्रीविद्या यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला; त्यातल्या धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांत मशेरीवाल्याच जास्त होत्या, आणि त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, शिवाय अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही अधिक झाली. तोंडाचा कर्करोग हा त्यापुढचा टप्पा झाला.

दारूची बाब निराळी आहे. पिणाऱ्या स्त्रिया संख्येने थोड्या आहेत. परंतु त्या ज्या थरांतून येतात तिथे त्यांच्याकडे बघायला कोणी नसते. सौंदत्तीच्या यल्लम्मेला मुली सोडण्याची प्रथा कर्नाटक शासनाने १९८२ च्या कायद्याने गुन्हा ठरवली, तरी तिच्यातून मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वेश्यावस्तीपर्यंत गेलेल्या आणि वय झाल्यावर गावी परतलेल्या स्त्रियांत दारू हे कामाचे साधन होते आणि नंतर ती सोबत राहिली. त्यांच्याखेरीज सफाई कामगार, वीटभट्टीवरच्या मजूर, आणि बंद दाराआड पिणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीही आहेत. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढीच दारू तिच्या रक्तात अधिक दाट होते आणि यकृताची हानी पुरुषापेक्षा कमी वर्षांत होते, हे वैद्यकात मान्य झालेले सत्य आहे. पिणारा नवरा माफ असतो. पिणारी बाई घराबाहेर जाते, किंवा घरातच कोंडली जाते.

आता ख्रिस्ती श्रद्धेचा या सर्वांशी संबंध काय, हे विचारणे प्राप्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. जगभर दारूमुक्तीचे जे सर्वांत मोठे बिनपैशाचे साधन मानले जाते त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे नाव न सांगता एकत्र बसणाऱ्या मद्यपींच्या संघाचा, जन्म १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी झाला, आणि त्याचे दोन्ही संस्थापक, बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ, ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आलेले होते. फ्रँक बुकमन यांनी चालवलेल्या त्या चळवळीत माणसाने आपल्या चुका दुसऱ्या माणसासमोर कबूल कराव्यात, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी आणि रोज सकाळी शांत बसून अंतर्मनाचा आवाज ऐकावा, अशी शिस्त होती. तिचीच पुढे ‘बारा पायऱ्या’ झाली. (हीच चळवळ नंतर मॉरल री-आर्मामेंट या नावाने पाचगणीला आली आणि तिथले आशिया प्लॅटो हे केंद्र तिचेच होय, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या त्या टेकडीचे व जगभरच्या दारूमुक्ती-सभांचे कूळ एकच आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी सांगितली जात नाही.) बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, पण तो देव ज्याला जसा समजेल तसा समजावा अशी मोकळीक सुरुवातीपासून ठेवलेली आहे, आणि ही पद्धत चर्चच्या आवाराबाहेर जगली ती त्या मोकळिकीमुळे.

असे असूनही संघाच्या त्या पहिल्या सभांत बायकांना सहज जागा मिळाली नाही. त्यांच्या येण्याने घोटाळे होतील अशी भीती उघड बोलली जात असे. मार्टी मान या स्त्रीने १९३९ पासून त्या सभांना जाऊन, दारू सोडून, पुढे १९४४ मध्ये मद्यपान हा आजार आहे हे लोकांना शिकवणारी राष्ट्रीय संस्था उभी केली, तेव्हा कुठे पिणारी बाई ही पापीण नसून रोगी आहे, असे म्हणण्याची सोय झाली. ख्रिस्ती स्त्रियांची जी त्याहून जुनी दारूबंदी संघटना १८७४ मध्ये ओहायो राज्यात निघाली होती, तिनेही बाईला घराची राखणदार मानले, रोगी मानले नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना या संघटनेच्या फ्रान्सिस विलर्ड यांच्या संपर्कात आल्या आणि १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात त्यांनी या बायकांच्या संघटनशक्तीचे कौतुकाने वर्णन केले, पण स्वतः मायदेशी येऊन केले ते काम त्या संघटनेच्या पुढचे होते.

ते काम केडगावच्या मुक्ती मिशनचे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकाच्या पश्चिम घाटातले, रमाबाईंचा जन्मही तिथला, म्हणजे भाषा आणि डोंगर या दोन्ही बाजूंनी त्या सीमेच्याच होत. १८९६ च्या दुष्काळापासून त्यांनी गोळा केलेल्या स्त्रिया-मुलींची संख्या पुढच्या काही वर्षांत सुमारे दोन हजारांवर गेली, आणि त्या वसाहतीत ‘कृपासदन’ हा एक वेगळा विभाग होता, जिथे समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया राहत. त्यांना केवळ प्रार्थना शिकवली नाही. विणकाम, तेलघाणा, दूध, शेती, छापखाना अशी कामे दिली, आणि बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम त्या स्त्रियांच्या हातांनी झाले. जुन्या आयुष्यातून सुटलेल्या माणसाला दिवसाचे तास कशाने भरायचे हा प्रश्न सर्वांत आधी पडतो, आणि व्यसनमुक्तीचे आजचे शास्त्रही त्याच प्रश्नापाशी अडते. रमाबाईंनी त्याचे उत्तर शास्त्राच्या आधी दिले होते.

रमाबाईंच्या कथेतला दुसरा भागही मंडळ्यांनी विसरू नये. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदासदन या विधवांच्या शाळेतल्या काही विद्यार्थिनी ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, त्यांचे धर्मांतर होते, असा आरोप ‘केसरी’ने लावून धरला आणि न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. आरोप किती खरा होता यावर आजही वाद घालता येईल. परंतु त्या प्रसंगानंतर विधवांना आसरा देणे आणि धर्मात ओढणे या दोन गोष्टी मराठी मनात एकत्र चिकटल्या, आणि त्या अजून सुटलेल्या नाहीत.

मुंबईकडे पाहिले तर तिथे हाच प्रवाह दुसऱ्या वळणाने गेलेला दिसतो. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन बारा पायऱ्या आणि बी. के. एस. अय्यंगार यांची योगासने एकत्र शिकवते. धर्मगुरूने चालवलेल्या संस्थेत योगासने चालतात आणि त्यात कोणाची श्रद्धा बाटत नाही. के. के. देवराज यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे टीन चॅलेंजने कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांसाठी वस्तीबाहेर घर काढले. धर्माशी संबंध नसलेल्या पुण्याच्या मुक्तांगणनेही, जे १९८६ मध्ये सुरू झाले, पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग उघडला, कारण पुरुषांच्या वॉर्डात बाईला ठेवता येत नाही आणि ठेवले तर ती बोलत नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

कृपासदन आणि कृपा फाउंडेशन या दोन नावांतला समान शब्द योगायोगाने आलेला नाही. कृपा या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ असा की जे कमावलेले नाही, ज्याला आपण लायक नाही, ते देणे फुकट मिळणे. आणि व्यसनी स्त्रीला नेमकी हीच गोष्ट कोणी सांगितलेली नसते. पुरुष घसरला तर त्याची बायको त्याला परत आणते, त्याची आई नवस बोलते; बाई घसरली तर ती वाईट बाई ठरते, आणि आपण वाईट आहोत हे मान्य केलेले माणूस सुटण्याचा प्रयत्नच करत नाही. आधी क्षमा आणि मग सुधारणा, हा क्रम ख्रिस्ती शिकवणुकीत आहे. बाहेरच्या समाजाचा क्रम उलटा आहे. प्रार्थनासभेत जाऊन बाई सुटते असे जे अनेक ठिकाणी घडते त्यामागे चमत्काराइतकीच ही साधी उलटापालट काम करते, आणि तिच्या जोडीला सभेची ठरलेली वेळ, सोबतीच्या बायका, मोठ्याने म्हटलेली गीते आणि आपले नाव घेऊन आपल्यासाठी प्रार्थना करणारे कोणीतरी, या गोष्टी असतात. कॅथलिक घरांत कुमसाराची, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप सांगण्याची, सवय असते आणि प्रोटेस्टंट घरांत साक्षीची. दोन्हींचा गाभा एकच, की जे लपवले ते बोलून दाखवावे.

बेळगावला ही परंपरा उसनी आणावी लागत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे काम इथे १८२० मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केले आणि ते १९०४ मध्ये मेथडिस्टांकडे गेले. कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. तिकडे मिरजेत विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या रोग्यांचे ठिकाण होते. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, इथल्याच मिशन शाळेत शिकले, आणि १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत त्यांनी विधवांचे जे हाल मांडले, ते घराच्या आतल्या खोलीत कोणीतरी डोकावून पाहिल्याशिवाय लिहिता आले नसते. त्या काळी मिशनांकडे ‘बायबल-बाई’ असे, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवणारी, त्यांची दुखणी-खुपणी ऐकणारी स्थानिक स्त्री. पुरुष पाळकाला ज्या स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे तिथे ती चुलीपाशी बसे. मशेरी चुलीपाशीच भाजली जाते.

परंतु मंडळ्यांच्या आजच्या व्यवहारात तीन गोष्टी अशा आहेत की त्यांच्यावर स्पष्ट बोलणे भाग आहे. पहिली म्हणजे, मशेरीला व्यसनांच्या यादीत स्थान नाही. दारू आणि सिगारेट यांवर प्रवचने होतात, आणि प्रवचन ऐकणारीच्या कनवटीला डबी असते. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. उपास-प्रार्थनेने दारू एका रात्रीत सुटावी असा आग्रह काही सभांत धरला जातो, आणि वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या शरीराची दारू अशी अचानक तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, नसलेले किडे व माणसे दिसणे ही लक्षणे दिसू शकतात. याला डिलिरिअम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावू शकतो. अशा वेळी ते सैतानाचे लक्षण आहे असे समजून आणखी मोठ्याने प्रार्थना करणे म्हणजे रोग्याचा जीव पणाला लावणे होय. प्रार्थना दवाखान्याच्या खाटेशेजारी बसूनही करता येते. तिसरी गोष्ट पुन्हा घसरण्याविषयीची : व्यसन हा वारंवार उलटणारा आजार आहे, बहुतेक जण एकाहून अधिक वेळा घसरतात, आणि घसरलेल्या बाईला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगितले की ती पुढच्या रविवारी येत नाही. ज्या मंडळीत घसरल्याची साक्ष देता येत नाही, तिथे सुटल्याच्या साक्षीवरही फारसा भरवसा ठेवता येत नाही.

यात कायद्याचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने २३ डिसेंबर २०२१ रोजी मंजूर केले ते बेळगावच्याच सुवर्णसौधात, आणि २०२२ च्या त्या कायद्यात आमिष या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की भेटवस्तू, मोफत शिक्षण आणि चांगल्या जीवनमानाचे आश्वासनही तिच्यात बसते. धर्मांतर होणारी व्यक्ती स्त्री असेल तर शिक्षा ३ ते १० वर्षे, म्हणजे प्रौढ पुरुषापेक्षा अधिक. २०२३ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला, तरी त्याने निर्माण केलेली भीती निर्णयाने रद्द होत नाही. प्रौढ स्त्रीला स्वतःचा धर्म निवडण्याची अक्कल नसते असे गृहीत धरणारा कायदा अपमानकारक आहे, हे इथे नोंदवणे आवश्यक वाटते. पण मंडळ्यांनी कायद्याकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेऊ नये. व्यसनाच्या टर्कीत सापडलेली, घरातून बाहेर काढलेली, उपाशी बाई त्या आठवड्यात बाप्तिस्म्याला ‘हो’ म्हणेल, आणि त्या ‘हो’ला काही अर्थ नसेल. अट घातलेली कृपा ही कृपा राहत नाही. हा मुद्दा सरकारचा नसून आपल्याच धर्मशास्त्राचा आहे.

व्यवहारात काय करता येईल, याचा विचार मोठ्या इमारतीपासून सुरू करू नये. निवासी केंद्र काढायचे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी लागते, कारण त्या कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरले आहे. डॉक्टर, परिचारिका, पैसा हे सगळे लागते, आणि नोंदणी न करता बायकांना ‘सुधारण्यासाठी’ कोंडून ठेवणारी घरे गुन्ह्यात जमा होतात. निपाणीत सध्या एवढे पुरे : आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी दोन तास मंडळीच्या आवारातली एक खोली फक्त बायकांसाठी उघडी असावी, तिच्यात पुरुष नसावा, पाळकही नसावा, पाळकीणबाई किंवा सिस्टर असावी, मराठी आणि कानडी दोन्ही बोलता येणारी असावी, कारण सीमेचा वाद कोर्टात चालतो तसा तो चुलीपाशी चालत नाही, येणाऱ्या बाईला तिचे नाव, धर्म, जात विचारू नये, पोराला खेळायला कोपरा असावा, आणि तंबाखू सोडण्यासाठी असलेल्या १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकाचा कागद भिंतीला लावलेला असावा. दारू पिणारी बाई आली तर त्याच दिवशी तिला सरकारी रुग्णालयात सोबत घेऊन जाणारी व्यक्ती ठरलेली असावी, आणि बेळगाव, धारवाड किंवा मिरज यांपैकी कोणत्या डॉक्टरकडे जायचे हे आधी बोलून ठेवलेले असावे. ज्या बाईला प्रार्थना हवी तिने मागावी. जिला नको तिला चहा द्यावा.

वखारीच्या मालकांशी बोलणे हाही मंडळ्यांच्या कामाचा भाग ठरतो, जरी तो प्रवचनात बसत नाही. दिवसभर भुकटीत बसणाऱ्या बाईला मशेरी सोड म्हणणे म्हणजे पाण्यात उभ्या माणसाला अंग कोरडे ठेव म्हणणे होय. बिडी व सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये झालेल्या कायद्यापासून स्वच्छता व वायुवीजनाच्या तरतुदी कागदावर आहेत. त्या कागदावरून चाळणीपर्यंत आणण्यासाठी कोणीतरी विचारणा करावी लागते, आणि ज्या मंडळीच्या बायका त्या चाळणीशी बसतात तिला विचारण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

या पत्राला उत्तर लिहिण्याची गरज नाही. येत्या रविवारी उपासनेनंतरच्या बायकांच्या सभेत एखाद्या पाळकीणबाईने किंवा सिस्टरने हे पत्र मोठ्याने वाचावे, वाचून झाल्यावर ज्यांच्याजवळ डबी आहे त्यांनी ती काढून मेजावर ठेवावी, कोणावरही ती टाकून देण्याची सक्ती करू नये, आणि मेजावर किती डब्या जमल्या तो आकडा मंडळीच्या वहीत लिहून ठेवावा, एवढी विनंती आहे.